एक किडनी दिल्यावर उरलेली किती काम करेल? स्कॅनवरून अंदाज बांधण्याची रीत

किडनी देणारा माणूस आजारी नसतो. ऑपरेशनचा त्याच्या शरीराला काडीचाही फायदा नसतो. त्यामुळे त्याच्या तपासणीत ‘साधारण बरे दिसते आहे’ एवढ्यावर थांबून चालत नाही. दोन प्रश्नांची आकड्यांत उत्तरे लागतात. दोन्ही किडन्या मिळून आज मिनिटाला किती गाळतात, हा पहिला. एक काढल्यावर उरलेली किती गाळेल, हा दुसरा.

पहिल्याचे उत्तर जीएफआर, म्हणजे किडन्यांचा मिनिटाला गाळण्याचा वेग, मोजून मिळते. दुसऱ्यासाठी त्या एकूण जीएफआरमध्ये डाव्या आणि उजव्या किडनीचा वाटा किती, हे कळावे लागते, आणि तो वाटा रक्ताच्या तपासणीतून कधीच कळत नाही. तिथे सीटी स्कॅन आणि डीटीपीए स्कॅन (किडनीतून गाळले जाणारे किरणोत्सर्गी औषध देऊन काढलेले चित्र) कामाला येतात. पण सीटी किडनीचे आकारमान मोजतो, काम नव्हे. म्हणून कोणत्याही स्कॅनमधून घ्यायचा तो वाटा, टक्केवारी. एकूण आकडा वेगळा मोजायचा आणि मग दोन्हींचा गुणाकार करायचा. ही शिस्त मोडली की पुढचे सगळे गणित कोसळते.

ही रीत ट्रान्सप्लांट युनिटमधल्या रेसिडेंट डॉक्टरांसाठी, सीटी आणि न्यूक्लिअर मेडिसिनच्या टेक्निशियनसाठी आणि कोऑर्डिनेटरसाठी आहे. स्वतःचे रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या दात्यालाही ती कळावी, असा प्रयत्न आहे.

आधी एकूण जीएफआर नीट मोजा

क्रिएटिनिन हा रक्तातला टाकाऊ पदार्थ स्नायूंमधून तयार होतो; किडनी तो गाळते, म्हणून त्याच्या पातळीवरून जीएफआरचा अंदाज काढतात. आपल्याकडे घरातल्या कुणी किडनी द्यायची म्हटले की बहुतेक वेळा आई किंवा बायको पुढे येते. तिचे वजन पन्नास-पंचावन्न किलो, स्नायू कमी, जेवण बहुधा शाकाहारी. अशा ५२ वर्षांच्या बाईचे क्रिएटिनिन ०.६ आले तर २०२१ चे सीकेडी-ईपीआय सूत्र (क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून जीएफआर काढणारे) सुमारे १०८ दाखवते. त्यातला काही भाग किडनीच्या तब्येतीचा आणि काही भाग कमी स्नायूंचा असतो. सूत्राला हा फरक कळत नाही. म्हणून दात्याच्या बाबतीत सूत्र ही फक्त पहिली चाळणी धरावी.

दुसरी पायरी म्हणून मोजलेला जीएफआर घ्यावा. डीटीपीएचे इंजेक्शन देऊन २ आणि ४ तासांनी रक्ताचे नमुने घेण्याची पद्धत बऱ्याच केंद्रांत जमण्यासारखी आहे. इंजेक्शन एका हाताला, रक्त दुसऱ्या हातातून. नमुना घेतल्याची वेळ मिनिटापर्यंत अचूक लिहा. ‘साधारण दोन तासांनी’ असे लिहिलेला नमुना फुकट जातो. इंजेक्शनची सुई शिरेबाहेर गेली असेल तर त्या दिवशीची मोजणी रद्द करा. थोडे औषध त्वचेखाली राहिले तरी आकडा चुकतो.

ही सोय नसेल तर सिस्टॅटिन सी (किडनीतून गाळले जाणारे रक्तातले एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन मिळून असलेले सूत्र वापरता येते. थायरॉइडचा विकार, स्टिरॉइड, धूम्रपान आणि लठ्ठपणा यांमुळे सिस्टॅटिन सी बदलते, एवढे विचारून घ्या. २४ तासांच्या लघवीवर विसंबायचे असेल तर आधी लघवीतले एकूण क्रिएटिनिन बघा. बाईमध्ये दर किलोला साधारण १५ ते २० मिलिग्रॅम आणि पुरुषात २० ते २५ मिलिग्रॅम अपेक्षित असते. ५४ किलोच्या बाईच्या कॅनमध्ये ८१० ते १०८० ऐवजी ५०० मिलिग्रॅमच निघाले, तर पहिली शंका सकाळची लघवी बाथरूममध्ये गेल्याची घ्यावी. रक्त देण्याच्या आदल्या रात्री मटण-चिकन खाऊ नये. शिजवलेल्या मांसातून क्रिएटिनिन थेट रक्तात येते.

रिपोर्टवर दोन आकडे वेगळे लिहून घ्या: प्रत्यक्ष मिलि प्रति मिनिट, आणि शरीराच्या १.७३ चौरस मीटर पृष्ठभागाला बसवलेला आकडा. आपल्याकडच्या लहान चणीच्या माणसात हे दोन आकडे बरेच वेगळे असतात. एका कागदावरचा बसवलेला आकडा दुसऱ्या कागदावर पुन्हा बसवला जातो, ही चूक वारंवार होते आणि त्यात दाता खरा आहे त्यापेक्षा दणकट दिसू लागतो. पृष्ठभाग काढायला मोस्टेलरचे सूत्र सोपे आहे: उंची सेंमीत गुणिले वजन किलोत, भागिले ३६००, आणि त्याचे वर्गमूळ.

सोनोग्राफी

सोनोग्राफीवर भविष्य ठरवू नका. तिचे काम वेगळे आहे. किडनी दोन आहेत ना, सूज किंवा मोठा मुतखडा नाही ना, दोन्हींची लांबी किती, हे ती स्वस्तात सांगते. डावी किडनी उजवीपेक्षा थोडी लांब असणे नेहमीचेच. लांबीत १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर वाटा मोजल्याशिवाय पुढे जायचे नाही, एवढी खूण इथे लक्षात ठेवा. लांबी, रुंदी आणि जाडी गुणून त्याला ०.५२३ ने गुणले की लंबगोलाचे आकारमान मिळते. १०.४, ५.२ आणि ४.६ सेंमी मापांची किडनी या हिशेबाने १३० मिलि निघते. पण किडनी खरा लंबगोल नसते, आणि हे सूत्र खरे आकारमान चांगलेच कमी दाखवते. त्यामुळे सोनोग्राफीचे आकारमान एका बाजूला आणि सीटीचे दुसऱ्या बाजूला ठेवून तुलना कधीही करू नका.

सीटी अँजिओ: कसा काढायचा

हा स्कॅन सर्जनला रक्तवाहिन्यांचा नकाशा देतो आणि त्याच चित्रांतून आकारमानही निघते, म्हणजे दात्याला वेगळा स्कॅन लागत नाही. मात्र हे आधीच ठरवून काढले तरच दोन्ही साधते. नुसते ‘सीटी अँजिओ’ लिहिलेली चिठ्ठी गेली तर कित्येकदा फक्त आर्टेरियल फेज, म्हणजे औषध धमन्यांत असतानाची चित्रे, मिळतो.

क्रिएटिनिन आणि जीएफआरचे रक्त कॉन्ट्रास्टच्या (सीटीत रक्तवाहिन्या आणि किडनी उजळवणाऱ्या औषधाच्या) आधी घ्या. डीटीपीए स्कॅन आधी करून मग सीटी करणे सर्वांत बरे. उलट क्रम झालाच तर मध्ये काही दिवस जाऊ द्या. मूल होण्याच्या वयातल्या बाईची गर्भतपासणी करून घ्या. स्कॅनपूर्वी अर्धा ते एक लिटर साधे पाणी प्यायला द्या. पोटातून पांढरा दिसणारा कॉन्ट्रास्ट देऊ नका. त्याने आतडी चमकतात आणि किडनीची कड शोधणे अवघड होते.

कोपराजवळच्या शिरेत १८ गेजचा कॅन्युला, ३५० ताकदीचे आयोडीन कॉन्ट्रास्ट किलोला साधारण १.२ ते १.५ मिलि, सेकंदाला ४ ते ५ मिलि वेगाने, मागून ३० ते ४० मिलि सलाईन. शीर नाजूक असेल आणि २० गेजच बसत असेल तर वेग कमी करा. शीर फुटण्यापेक्षा थोडे फिके चित्र परवडते.

तीन फेज पुरतात. आधी कमी डोसचा साधा स्कॅन, खडे शोधायला. दात्याला कधी दुखले नसेल असेही दोन-तीन मिलिमीटरचे खडे इथेच सापडतात. मग आर्टेरियल फेज: महाधमनीत कॉन्ट्रास्ट पोचल्याचे मशीनला ओळखू द्या, आणि इंजेक्शनपासून साधारण २५ ते ३० सेकंदांना चित्र येते. यात बाहेरचा कॉर्टेक्स पांढरा आणि आतला मेड्युला काळसर दिसतो. नंतर ९० ते १०० सेकंदांना नेफ्रोग्राफिक फेज, ज्यात सगळी किडनी एकसारखी उजळते. मूत्रनलिका दिसण्यासाठी पाच ते दहा मिनिटांनी पूर्ण चौथा स्कॅन घेण्याऐवजी एक साधा स्काउट (एकच सपाट चित्र) घ्या. निरोगी माणसाला दिलेले प्रत्येक रेडिएशन समर्थनीय असले पाहिजे. बारीक दात्याला १०० केव्हीचे कमी एक्स-रे व्होल्टेज पुरते आणि डोस कमी लागतो.

चित्रे १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ कापांत साठवा. ५ मिलिमीटरच्या कापांवरून आकारमान काढले तर वरच्या आणि खालच्या टोकाला चरबी आणि किडनी एकाच ठिपक्यात मिसळतात, आणि लहान किडनीत ही चूक जास्त जाणवते. श्वास दोन्ही फेजमध्ये सारखा रोखायला आधीच दोन वेळा सराव करून घ्या.

आकारमान काढताना

मोजणी सॉफ्टवेअर करते, पण त्याने काय मोजले हे डोळ्यांनी बघावेच लागते. स्वयंचलित सेगमेंटेशन, म्हणजे सॉफ्टवेअरने आखलेली किडनीची कड, उजवीकडे यकृताच्या कडेला आणि डावीकडे प्लीहेच्या कडेला हमखास घसरते. खालच्या टोकाला कण्याशेजारचा सोआस स्नायू आणि उजवीकडे ड्युओडिनम (लहान आतड्याचा पहिला भाग) आत ओढले जातात. तिन्ही दिशांच्या चित्रांवर कड तपासा. फक्त आडव्या कापावर समाधान मानू नका.

आत काय धरायचे आणि काय नाही, हे युनिटमध्ये एकदाच ठरवून लिहून ठेवा. धरायचे ते फक्त किडनीचे मांस, म्हणजे कॉर्टेक्स आणि मेड्युला. मधल्या पोकळीतली चरबी, मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीचा फुगीर भाग, मोठ्या रक्तवाहिन्या, पाण्याच्या गाठी आणि खडे वगळा. ४ सेंमीची साधी गाठ एकटीच ३३ मिलिची असते. ती वगळली नाही तर आजारी बाजू मोठी, म्हणून चांगली, दिसू लागते. सुजलेल्या किडनीचेही तेच होते: पाण्याने फुगलेली किडनी आकाराने मोठी आणि कामाने कमी असते.

पूर्ण मांस मोजायचे तर नेफ्रोग्राफिक फेज घ्या. फक्त कॉर्टेक्स मोजायचा तर आर्टेरियल फेज. रक्त गाळणारी ग्लोमेरुली कॉर्टेक्समध्येच असल्यामुळे कॉर्टेक्सचे आकारमान कामाच्या जास्त जवळ जाते, हे तर्काला धरून आहे. पण आर्टेरियल फेज पाच सेकंद उशिरा आला की कॉर्टेक्स आणि मेड्युला यांची सीमा पुसट होते आणि आकडा हलतो. युनिटला सवय नसेल तर पूर्ण मांसाने सुरुवात करणे शहाणपणाचे. काहीही निवडा, पण डावी आणि उजवी एकाच फेजवर मोजा. एक आर्टेरियलवर आणि दुसरी नेफ्रोग्राफिकवर मोजल्यास मिळणारा वाटा निरर्थक आहे.

दोन वेगवेगळ्या माणसांनी एकमेकांचा आकडा न बघता मोजावे. फरक ५ टक्क्यांच्या आत असेल तर सरासरी घ्या. जास्त असेल तर दोघांनी एकत्र बसून कड पुन्हा बघावी. बहुतेक वेळा भांडण पोकळीतल्या चरबीचे किंवा वरच्या टोकाचे निघते.

मग वाटा. एका बाजूचे आकारमान भागिले दोन्ही बाजूंची बेरीज. ४५ ते ५५ च्या दरम्यान असेल तर दोन्ही किडन्या जवळपास सारख्या मानतात.

डीटीपीए स्कॅन: इथे काय चुकते

डीटीपीए किडनीतून गाळले जाते आणि टेक्नेशियमच्या किरणांमुळे ते गॅमा कॅमेऱ्याला दिसते. इंजेक्शननंतर २ ते ३ मिनिटांच्या दरम्यान प्रत्येक किडनीत किती औषध जमले, यावरून वाटा काढतात. यालाच गेट्स पद्धत म्हणतात. इसी आणि मॅग-३ ही औषधे नलिकांतून बाहेर पडतात, त्यामुळे त्यांच्यावरून वाटा मिळतो, जीएफआर नाही. डीएमएसए किडनीच्या मांसात चिकटून राहते, आणि वाटा काढायला ते उत्तमच आहे. चिठ्ठीवर नुसते ‘रिनल स्कॅन’ लिहू नका. औषधाचे नाव लिहा.

दात्याने स्कॅनच्या अर्धा-एक तास आधी किलोला ५ ते १० मिलि पाणी प्यावे आणि टेबलावर चढण्यापूर्वी लघवी करून यावे. कोरड्या शरीरात औषध हळू वाहते आणि ते वेळेनुसार किडनीत किती आहे हे दाखवणारी वक्ररेषा लांबते. भरलेल्या इंजेक्शनची मोजणी आधी आणि रिकाम्याची नंतर, त्याच अंतरावरून करा. भरलेले इंजेक्शन कॅमेऱ्याच्या फार जवळ धरले तर कॅमेरा तेवढे किरण मोजूच शकत नाही, डोस कमी दिसतो आणि जीएफआर फुगतो. शेवटी इंजेक्शन दिलेल्या जागेचे एक चित्र घ्या. तिथे डाग दिसला तर औषध शिरेबाहेर सांडले आहे, आणि एकूण आकडा कमी येणार.

आता सर्वांत महत्त्वाची चूक, जी दिसत नाही. किडनी पाठीच्या त्वचेपासून जितकी खोल, तितके तिचे किरण मध्येच शोषले जातात. टेक्नेशियमसाठी प्रत्येक जादा सेंटिमीटरला मोजणी सुमारे १४ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे दोन्ही किडन्यांचे काम अगदी सारखे असले आणि एक १ सेंमी जास्त खोल असली, तर स्कॅनवर ५४ आणि ४६ असा वाटा छापून येतो. डॉक्टरांना वाटते एक किडनी कमजोर आहे. प्रत्यक्षात ती फक्त आत आहे.

मशीन खोलीची दुरुस्ती करते, पण बहुधा टोनेसनच्या सूत्राने: उजवीची खोली म्हणजे वजन भागिले उंची, गुणिले १३.३, अधिक ०.७; डावीसाठी १३.३ च्या जागी १३.२. ५४ किलो आणि १५२ सेंमीच्या बाईत दोन्ही बाजूंना ५.४ सेंमी येते. नीट बघा: हे सूत्र दोन्ही बाजूंना जवळपास एकच खोली देते, म्हणून दोन बाजूंमधला फरक ते कधीच दुरुस्त करू शकत नाही. उपाय हाताशीच आहे. सीटीवर किडनीच्या मधल्या पातळीला पाठीच्या त्वचेपासून किडनीच्या मागच्या कडेचे आणि पुढच्या कडेचे अंतर मोजा, दोन्हींची सरासरी घ्या आणि ती खोली न्यूक्लिअर मेडिसिनला कळवा. सीटी आणि स्कॅन दोन्ही उताणे झोपवून होतात, म्हणून हे जुळते. फोन करून दोन आकडे सांगायला मिनिटभर लागतो, आणि तो बऱ्याच ठिकाणी केला जात नाही याचे वाईट वाटते.

बाकी चुका छोट्या आहेत. किडनीभोवती आखलेल्या कडेत यकृत किंवा प्लीहा शिरली तर त्या बाजूचा वाटा वाढतो. वजा करायच्या पार्श्वभूमीचा तुकडा किडनीच्या अगदी खाली-बाहेर, चंद्रकोरीसारखा घ्या, पोकळीच्या बाजूला नको. उभे राहिल्यावर खाली सरकणारी किडनी असेल तर बसवून स्कॅन करू नका.

दोन स्कॅन भांडले तर

समजा दाता ५२ वर्षांची, १५२ सेंमी, ५४ किलो. पृष्ठभाग १.५१ चौरस मीटर. मोजलेला जीएफआर प्रत्यक्षात मिनिटाला ८८ मिलि, म्हणजे १.७३ ला बसवून १०१. सीटीवर उजवी १४२ मिलि, डावी १२८ मिलि. वाटा उजवी ५२.६, डावी ४७.४. डीटीपीएचा कागद म्हणतो डावी ५४, उजवी ४६.

नुसत्या डीटीपीएवर गेले तर डावी चांगली, म्हणून ती दात्याकडे ठेवायची आणि उजवी काढायची, असा निर्णय होतो. उजव्या किडनीची शीर आखूड असते, म्हणजे सर्जनचे आणि रुग्णाचे कामही अवघड होते. पण सीटीवर खोली मोजली तर उजवी १.१ सेंमी जास्त आत निघते. १.१ सेंमीची भरपाई केली की उजव्याचे ४६ हे ५४.४ इतके मोजावे लागतात, आणि वाटा होतो उजवी ५०.२, डावी ४९.८. आता दोन्ही स्कॅन एकमेकांपासून अडीच टक्क्यांच्या आत आले. डावी द्यायची, थोडी मोठी असलेली उजवी तिच्याकडे राहू द्यायची. हेच सर्जनलाही सोयीचे.

खोली दुरुस्त करूनही फरक १० टक्क्यांच्या पुढे राहिला तर सरासरी काढून मोकळे होऊ नका. कारण शोधा: डाव्या-उजव्याची अदलाबदल, गाठ मोजली जाणे, धमनी अरुंद असणे, जुना व्रण, मूत्रनलिकेत अडथळा. अरुंद धमनीच्या मागची किडनी आकाराने ठीक आणि कामाने कमी असू शकते. तिथे डीटीपीए खरे बोलत असतो आणि सीटीचे आकारमान फसवते. अशा वेळी डीएमएसए पुढून आणि मागून काढून निवाडा करा, कारण दोन्ही बाजूंची चित्रे एकत्र घेतली की खोलीचा प्रश्न बराचसा मिटतो.

कॉन्ट्रास्टची ॲलर्जी असेल किंवा रेडिएशन टाळायचे असेल तर एमआरआयवरही आकारमान चांगले मोजता येते, पण लहान खडे त्यात सुटतात.

अंदाज

उरणाऱ्या किडनीचे आजचे काम: ८८ गुणिले ०.५२६, म्हणजे ४६ मिलि. पृष्ठभागाला बसवून ५३. ऑपरेशननंतर उरलेली किडनी मोठी होते आणि तिच्यातून जास्त रक्त वाहू लागते. बहुतेक दात्यांचा जीएफआर आधीच्या साधारण ६५ ते ७० टक्क्यांवर स्थिरावतो. म्हणजे उरलेल्या किडनीचे काम साधारण ३० ते ४० टक्क्यांनी वाढते असे धरून ५३ ला १.३ आणि १.४ ने गुणा: ६९ ते ७४. उलट तिच्याकडे डावी ठेवली असती तर ६२ ते ६७.

नेहमी टप्पा (खालचा ते वरचा आकडा) लिहा, एकच आकडा नको. वय जास्त, वजन जास्त, रक्तदाब, धूम्रपान असेल तर भरपाई कमी होण्याची शक्यता असते, तिथे खालचे टोक धरा.

आता वयाचा विचार. चाळिशीनंतर माणसाचा जीएफआर वर्षाला साधारण १ मिलिने उतरतो. या बाईला ७५ व्या वर्षी पन्नासच्या आसपास जीएफआर असेल असा ढोबळ हिशेब निघतो. आयुष्य चालायला तो पुरेसा आहे. तोच ७० चा आकडा २५ वर्षांच्या मुलाचा असता, तर पुढची पन्नास वर्षे त्याला तेवढ्यावर काढायची आहेत, आणि मधुमेह होणार की नाही हे आज कुणी सांगू शकत नाही. म्हणून तरुण दात्याच्या बाबतीत जास्त कडक व्हावे लागते. केडीआयजीओ या आंतरराष्ट्रीय किडनी संस्थेच्या २०१७ च्या सूचनांनुसार ९० च्या वर जीएफआर असेल तर चालते, ६० च्या खाली असेल तर किडनी घेऊ नये, आणि मधल्या पट्ट्यात एकेका माणसाचा वेगळा विचार करावा. स्कॅनवरून काढलेला हा अंदाज सर्वांत उपयोगी पडतो तो याच मधल्या पट्ट्यात.

कोणती द्यायची, याचा नियम साधा आहे. बरी किडनी दात्याकडे राहते. वाटा, खडे, गाठ बघता जी बाजू कमकुवत, ती जाते. दोन्ही सारख्या असतील तर लांब शीर असलेली डावी. चारपैकी एका माणसात तरी जादा धमनी सापडते. खालच्या टोकाची छोटी धमनी बांधावी लागणार असेल तर त्या तुकड्याचे आकारमान रुग्णाला मिळणाऱ्या किडनीतून वजा करून बघा. मूत्रनलिकेचे रक्तही त्या धमनीतून येत असते, हेही लक्षात ठेवा. रुग्ण ८५ किलोचा आणि किडनी ११० मिलिची, म्हणजे त्याच्या शरीराच्या मानाने लहान, असेल तर हेही त्या घरच्यांना आधी सांगायला हवे.

हा अंदाज दात्याला एकटीला, सासर-माहेरची माणसे बाहेर बसवून, तिच्या भाषेत सांगा. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात जवळचे नातेवाईक दाते म्हणून येतात, आणि नात्याचा दबाव हाच तिथला सर्वांत अवघड भाग असतो. आकडा काठावर असेल तर ‘वैद्यकीय कारणाने जमत नाही’ एवढेच घरच्यांना सांगण्याची तिची मुभा जपा.

ऑपरेशननंतर पडताळा

काढलेली किडनी धुऊन, चरबी साफ करून बाकड्यावर असते तेव्हा तिचे वजन करा आणि सीटीच्या मिलिशी ताडून बघा. ग्रॅम आणि मिलि जवळपास जुळायला हवेत. रक्त निघून गेल्यामुळे वजन किंचित कमी भरते. दहा दात्यांमध्ये सातत्याने २० टक्क्यांचा फरक येत असेल तर दोष सेगमेंटेशनच्या नियमात आहे.

पहिल्या आठवड्यात क्रिएटिनिन ०.६ वरून ०.९ किंवा १.० वर जाणे अपेक्षितच असते. दात्याला हे ऑपरेशनच्या आधी सांगून ठेवा, म्हणजे ती घाबरणार नाही. भरपाईचा मोठा भाग पहिल्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत होतो. सहा महिन्यांनी आणि मग दर वर्षी क्रिएटिनिन, रक्तदाब आणि लघवीतले अल्ब्युमिन तपासा, आणि प्रत्येक आकडा आपण आधी लिहिलेल्या टप्प्याशेजारी लिहा. टप्प्याच्या खाली गेलेली प्रत्येक दाता बोलावून तिचा जुना सीटी आणि डीटीपीए पुन्हा उघडा: खोली मोजली होती का, गाठ वगळली होती का, दोन्ही बाजू एकाच फेजवर होत्या का.